ओठाजवळचा डाग

माझी थोरली बहीण प्रत्येक सिनेमा दोनदा बघायची. एकदा गोष्टीसाठी, एकदा नायिकेसाठी. दुसऱ्या वेळी पडद्यावर कोण मेलं, कोण पळून गेलं, याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. भुवया किती कोरल्यात, काजळाची रेघ कुठपर्यंत ओढलीय, पदराला पिन कुठे लावलीय, एवढंच ती बघायची. नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. आम्ही संगमनेरला राहायचो, वडील दूध संघात कामाला होते. ताई बारावी होऊन घरी होती, मी नववीत. तीनच्या खेळाहून आलो की ती मला खिडकीपाशी बसवायची आणि पाहिलेलं सगळं माझ्या तोंडावर करून बघायची. दोऱ्यानं भुवया कोरायला ती स्वतःच्या पायावरचे केस काढून शिकली. पुढे गल्लीतल्या मुली लग्नकार्याला निघायच्या आधी तिच्याकडे येऊ लागल्या. आईला हे नाद पसंत नव्हते, पण बायका ताईच्या हाताचं कौतुक करायला लागल्यावर ती गप्प बसली.

त्या वर्षी दिवाळीनंतर ताईच्या खालच्या ओठाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उठला. आम्हाला वाटलं, लिपस्टिक बाधली. महिनाभरात तो चिंचोक्याएवढा झाला. डॉक्टरांनी कोड आहे म्हणून सांगितलं, मलम दिलं, आणि हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, असं पुन्हा पुन्हा समजावलं. आईच्या कानात फक्त पहिला शब्द राहिला. घरी आल्यावर तिनं दाराला कडी घातली आणि आम्हाला बजावलं, हे चौघांच्या बाहेर जायला नको.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी सिनेमाला गेलो. ताई ओढणी तोंडाला लावून बसली होती. नायिकेचा चेहरा पडदाभर मोठा झाला तेव्हा तिनं माझा हात दाबला.

"तिची मान बघ," ती म्हणाली, "तोंडापेक्षा सावळी आहे. तिचंही झाकलेलंच आहे."

दुसऱ्या दिवशी, शाळांच्या गॅदरिंगला रंगरंगोटीचं सामान देणाऱ्या दुकानातून तिनं पॅनकेक आणला. एक वडी तिच्या रंगाहून उजळ, एक गडद. दोन्ही मिसळून, ओल्या स्पंजनं थोपटून, वर पावडर आणि लिपस्टिकची कड किंचित बाहेर. तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. डाग दिसेनासा झाला तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. आईनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ पाहिलं.

"आता स्थळ बघायला हरकत न्हाई," ती म्हणाली.

ताई घाबरली. आधीच सांगून टाकू, म्हणून ती आईच्या मागे लागली. वडिलांकडे गेली तर ते चपला घालून बाहेर निघून गेले.

श्रीगोंद्याचं स्थळ जमलं. मुलगा साखर कारखान्यात टाइमकीपर होता, शांत स्वभावाचा. लग्नाच्या दिवशी डागावरचा रंग मी लावला. हळदीच्या अंघोळीपासून पाठवणीपर्यंत मी डबी घेऊन तिच्या मागे होते.

सासरी ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि मोरीत आरसा टेकवून तोंड करायची. झोपतानाही पुसत नसे. ओठाखालची कातडी चिरली, आग व्हायची, तरी ती त्यावरच थर देत राहिली. आषाढात तिला ताप भरला. दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. सासू उशाशी बसून होती. तिनंच मायेनं ओल्या फडक्यानं ताईचं तोंड पुसलं.

ताप उतरल्यावर सासूसासरे जीप करून तिला घेऊन आले. दाजी आले नाहीत. सासूनं पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"पोरीवर माझा राग न्हाई," ती आईला म्हणाली. "लई गुणाची हाय. पण तुमी आमाला फसवलं. आता तिच्या तोंडाकडं बघितलं की मला तुमीच दिसता."

ताई आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. वर्षभरात काडीमोडाचे कागद झाले आणि दाजींनी दुसरं लग्न केलं.

पुढे डाग मानेवर उतरला, मग बोटांवर. ताईनं पॅनकेक लावणं सोडलं. गल्लीतल्या मुली भुवया कोरायला यायच्या बंद झाल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त आल्या नाहीत. सिनेमाचं नावही घरात निघेना.

तीन वर्षांनी मला बघायला येणार होते. आईनं ताईला खर्ड्याला मामाकडे धाडायचं ठरवलं. ताईनं आपली पिशवी आपणच भरली. पाहुण्यांनी मोठ्या मुलीचं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, मोठीला श्रीगोंद्याला दिलीय. मी ट्रे धरून समोर उभी होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. माझ्या लग्नातही ताई नव्हती. तिला कांजिण्या झाल्यात, असं सगळ्यांना सांगितलं.

लग्नानंतर सहा महिन्यांनी मी नवऱ्याला खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, रागावले नाहीत. मला कुठे डाग आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. तरी त्यांनी मला ट्यूबलाइटखाली नेऊन माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

ताई खर्ड्यालाच राहिली. तिथल्या बालवाडीत ती शिकवू लागली. मी पहिल्यांदा तिला भेटायला गेले तेव्हा मामीच्या ओसरीत ती मेथी निवडत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते. मी तिला म्हणाले, त्या दिवशी मी पाहुण्यांना खरं सांगायला हवं होतं.

"मग दोघी घरी बसलो असतो," ती म्हणाली. तिनं जुडीचा दोरा सोडला आणि मला म्हणाली, बसली आहेस तर हात लाव.

मी मेथी निवडायला घेतली. त्यावर पुन्हा आम्ही कधी बोललो नाही.