आठ रविवारची सर्दी

मुलाला सर्दी झाली होती आणि ती आठ रविवार गेली नाही. त्यावरून मला सगळं कळलं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चारचौघींत मला बोलता येत नाही, घशाशी येतं आणि तिथंच राहतं. ही वही कुणाला दाखवायला म्हणून लिहीत नाही. एकदा सगळं धीर करून तोंडानं बोलले होते, ते कुठंच पोचलं नाही. म्हणून आता लिहून ठेवते.

मुलगा फौजेत लागला तेव्हा आमच्या गावात आठ-दहा घरांतली पोरं आधीच फौजेत होती. वाटूरच्या रस्त्याला एक रिटायर हवालदार राहतात. त्यांनी फौजींच्या आईबापांची बैठक चालू केली होती. महिन्यातून एकदा त्यांच्या ओसरीवर सगळे जमायचे, चहा व्हायचा. हवालदार सांगायचे, फोनवर रडायचं नाही, घरातलं दुखणंखुपणं सांगायचं नाही, पोराचं ध्यान तिकडं राहिलं पाहिजे. बाप्ये मान हलवायचे. मी मागं भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी काही विचारायच्या आत कप धुवायला उठायचे.

तिथंच मला अक्का भेटल्या. त्यांचा थोरला मुलगा पुष्कळ वर्षांपासून फौजेत आहे. एकदा त्या मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, दर बैठकीला कपच धुती. हवालदारानं कामाला लावली का तुला?"

मला हसू आलं. लग्न होऊन या गावात आले त्याला पंचवीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मला कुणी असं चिडवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी बैठकीत अक्कांच्या शेजारी बसायला लागले.

दिवाळीच्या सुमाराला मुलाचा फोन आला. "माय, आता वरती बरफात चाललो. तिथं फोन बराबर लागत न्हाई. पण आवाज भरून पाठवत जाईन अक्काच्या मोबाईलवर. दर आयतवारी जाऊन ऐकत जा." आमच्या घरात दोन्ही मोबाईल बटणाचे. अक्कांकडे मोठा मोबाईल होता.

पहिल्या रविवारी मी केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून अक्कांकडे गेले, जसा काही तोच तिथं बसला आहे. अक्कांनी मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि त्यातून त्याचा आवाज आला. "माय, मी बरा आहे. जेवण चांगलं मिळतं. तू जपून राह्य." नाक चोंदलेलं होतं. मध्येच "थांब गं" म्हणून त्यानं नाक शिंकरलं. मग अक्कांनी मोबाईल माझ्या तोंडापाशी धरला. "हं, बोल आता. चालू आहे."

मी बोलले. समोर माणूस नसला की मला बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं. कापूस किती वेचला, गाय व्याली, सगळं सांगितलं. घरी आले की आमचे हे विचारायचे, "काय म्हणला पोरगा?" मी शब्दाला शब्द सांगायचे. ते ऐकून घ्यायचे.

चौथ्या रविवारी मी अक्कांना म्हटलं, "अक्का, आज जरा बाहेर बसता का? मला त्याच्याशी एकटीनं बोलायचंय."

"बाप रे, मायलेकाची खुफिया बात," अक्का म्हणाल्या. मोबाईल उतरंडीला टेकवून ठेवला, "बोल, चालू आहे," म्हणाल्या आणि अंगणात गेल्या.

त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं ते असं. तो पहिल्यांदा भरतीला निघाला होता, संभाजीनगरला. पहाटे पाचला मैदानावर हजर राहायचं होतं. आदल्या दुपारी माझ्या पोटात कळ आली. कळ आली म्हणजे, आली नव्हती. मी जमिनीवर लोळले, ओरडले. त्यानं बॅग टाकली, जीप बोलावली आणि मला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो माझ्या उशाशी बाकड्यावर बसून होता, भरतीचे बूट घालून. मला म्हणाला, "भरती काय, पुन्हा येती. तू आधी बरी हो." त्याचं एक वर्ष गेलं. पुढच्या वेळी मी सोंग केलं नाही, पण खरं काय होतं तेही त्याला कधी सांगितलं नाही.

ते सगळं मी त्या मोबाईलसमोर बोलले. शेवटी म्हटलं, "तुला काय बोलायचं ते बोल. राग आला तर राग कर."

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या रविवारी अक्कांनी मोबाईल लावला. तोच चोंदलेला आवाज. "माय, मागचं काही मनात धरू नको. झालं ते झालं. मी खुश आहे इथं."

मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या आठवड्यात कापूस वेचताना मी गुणगुणत होते. आमचे हे म्हणाले, "आज काय सापडलं गं तुला वावरात?" इतकी वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं, ते माझं मला ठाऊक.

पण त्याची सर्दी काही जाईना. सहावा रविवार, सातवा, आठवा. तसंच नाक, तसंच शिंकरणं. मला वाटलं, छातीत कफ धरला असेल आणि हा सांगत नसेल. मी सुंठ, मिरं, ओवा कुटून पुडी बांधली. ह्यांना पत्ता विचारला तर म्हणाले, "बरफात राह्यतो, सर्दी होणारच. जाईल." माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी मी एकटी हवालदारांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्या पुरुषाशी मी आपणहून बोलले. म्हटलं, "पोराला पुडी पाठवायची होती. पत्ता लिहून द्या."

"कुठं पाठवता वहिनी? वर आता काहीच जात न्हाई, वाट बंद झाली. मोबाईल बी खाली जमा करून गेलेत पोरं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासूनच की."

"पण काल त्याचा आवाज आल्ता."

हवालदारांची बायको दारात उभी होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी खाली. "बसा वहिनी," ते म्हणाले, "चहा टाकायला सांगतो." मी बसले नाही.

तशीच अक्कांकडे गेले. त्या सुपात डाळ पाखडत होत्या. मी विचारलं, "अक्का, अजून किती उरलेत?"

"काय?"

"त्याचे आवाज."

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "चार."

वर जायच्या आधी त्यानं एका दुपारी बसून बारा आवाज भरले होते. त्या दिवशी त्याला सर्दी होती. तो वर गेला तर माय धसका घेईल, म्हणून बापाशी बोलून ठरवलं होतं. आमचे हे स्वतः येऊन अक्कांना सांगून गेले होते.

"आणि मी बोलायचे ते?"

"त्याचा मोबाईलच बंद, कुणाला पाठवू? मी बटणच दाबत नव्हते. तू बोलून मोकळी व्हायचीस, मला वाटलं तेवढंच बरं."

"मी तुम्हाला बाहेर पाठवलं त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी न्हाई."

मी दारातली चप्पल पायात घालायला लागले. अक्का मागून म्हणाल्या, "माझं पोरगं पहिल्यांदा वर गेलं तवा मी चार महिने भिंतीकडं बघत बसले होते. तुझं तसं होऊ नये म्हणून केलं गं बाई." मग म्हणाल्या, "उरलेले चार लावू का?"

मला ऐकायचे होते. खोटे असले तरी आवाज त्याचाच होता. पण मी नको म्हटलं आणि निघाले.

घरी ह्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही दर आयतवारी मला विचारत होता, काय म्हणला पोरगा. कशाला विचारत होता?" ते बैलाला पाणी दाखवायला निघून गेले. आम्ही वेगळे झालो नाही, भांडलोही नाही. मी बैठकीला जाणं मात्र बंद केलं. अक्का दोनदा आल्या, मी कामात होते. मी पण मुलाला फसवलं होतं, हे मी विसरले नाही. पण मला माफी मिळाली असं मी तीन आठवडे समजून होते, आणि ती माफी कुणी दिलेलीच नव्हती.

संक्रांत होऊन बरेच दिवस गेल्यावर ह्यांच्या मोबाईलवर त्याचा फोन आला. तो खाली उतरला होता. आवाज एकदम मोकळा.

"सर्दी गेली का?" मी विचारलं.

"कोणती सर्दी, माय?"

मग त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "चिडू नको. तुझ्यासाठीच केलं."

"आज वार कोणता?"

"गुरुवार. का?"

गुरुवारच होता, म्हणजे हा आवाज भरून ठेवलेला नव्हता. मी म्हटलं, "तू म्हणला होतास, मागचं मनात धरू नको. मागचं म्हणजे काय?"

त्याला आठवायला वेळ लागला. "ते गं, निघताना तू बॅगेत लाडूच लाडू कोंबून राह्यली होतीस, म्हणून मी तुझ्यावर ओरडलो होतो. ते."

हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "ते मी कधीच विसरले. जेवलास का?"

उन्हाळ्यात तो सुट्टीवर येणार आहे. तेव्हा ही वही त्याच्या हातात द्यायची का, ते अजून ठरत नाही. दिली तर मी त्याच्यासमोर बसून राहीन, शेवटचं पान होईपर्यंत. मध्ये कुणालाच घालणार नाही.