घासलेली कड

साच्यांच्या कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. घरी भाचरं म्हणायची, तेच नाव तिच्या मागोमाग कामावर आलं. प्लास्टिकच्या अवघड वस्तूंचे साचे कागदावर काढण्यात तिची अर्धी हयात गेली. ती काढायची, आणि तिचा दादा ते पोलादात उतरवायचा. एकदा अडकलेला तुकडा ओढताना दादाची करंगळी साच्याच्या धारेवर गेली ती गेलीच. तेव्हापासून, जिथं कामगाराचा हात जातो ती उजवी कड तो कानशीनं घासून गोल करी. नकाशात ती कधी नसे, तो कुणाशी त्याबद्दल बोलतही नसे. दादा देवाघरी गेला, त्याच्याबरोबर ती रीतही गेली.

पुढं आत्याचे जुने नकाशे संगणकाला शिकवले. आता साचा तोच काढी. तिनं नुसतं बघून मंजूर करायचं. पडद्यावर रेघा आपोआप उमटत, जणू कुणी पाठमोरं बसून काढतंय.

त्या दिवशी पंपाच्या झाकणाचा साचा उमटला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. उजवी कड गोल होती.

"हे काय नवीन खूळ?" साहेब म्हणाले. "काम वाढतं उगाच. काढून टाका."

"मी नाही घातली, साहेब."

"मग काय भुतानं घातली? काढा, नाहीतर मंजुरीचं कामही यंत्रालाच देतो."

साहेब गेले. तिनं कड पुसली, नकाशा पुन्हा काढायला लावला. कड परत आली. देवाचं नाव घेऊन तिनं पुन्हा पुसली. या खेपेला दोन्ही कडा गोल होऊन आल्या.

डावी? दादानं डावी कड कधीच घासली नव्हती.

ती खाली मशीनवर गेली. जुन्याच साच्यावर झाकणं निघत होती. सकाळीच लावलेला नवा माणूस अडकलेला तुकडा काढायला वाकला होता. आत गेलेला हात डावा होता.

"डावखुरा का रे तू?"

"हो आत्या. आईनं मार मार मारलं, पण हात काही सुधारला नाही."

ती तशीच वर आली आणि तिनं साचा मंजूर केला.

"माझं ऐकायचं नाही, असं ठरवलंय का?" साहेब दारातूनच कडाडले.

"कडा राहतील, साहेब. माझी खुर्ची घ्या हवी तर."

ते पाय आपटत गेले. खोलीत ती एकटीच उरली. निदान तसं दिसत तरी होतं. पडद्याकडे न बघताच ती हळूच म्हणाली, "ठेवल्या रे दोन्ही. आता तू जा."