सावळ्याला सावळंच ठेवणारी विमलआत्या

विमलआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात सभेच्या पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. शेजारचा माणूस दारातूनच म्हणाला, "आत्याबाई गेल्या गा..." हातातली ओळ दुरुस्त करून मगच मी उठलो. अर्धवट टाकलेलं काम तिला खपत नसे. त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेत वक्त्यांनी तिला 'शांत, सोशिक' म्हटलं. साफ खोटं! माझी आत्या भांडकुदळ होती, आणि ती कशासाठी भांडली हे सांगायलाच मी लिहायला बसलो आहे.

जरीपटका वस्तीतल्या बाजारामागे तिचा फोटो स्टुडिओ. आतोबा वारले तेव्हा नातेवाइकांनी कॅमेरा विकून टाकायचा सल्ला दिला. तिने दारावरची पाटीसुद्धा बदलली नाही; आतोबांच्या जागी स्वतः जाऊन उभी राहिली. तिचं नाव झालं ते फोटोवरून फोटो काढण्यात. आमच्या वस्त्यांत घरटी एखादाच फोटो असायचा... मिलच्या गेटसमोरचा, धम्मदीक्षेच्या वर्षातला, कुणाच्या तरी लग्नातला. पिवळा पडलेला, कडेने उंदरांनी कुरतडलेला. त्यातला गेलेल्या माणसाचा चेहरा तेवढा उचलून मोठा करायचा. हे काम इतर दुकानंही करत, पण कसं? काळ्या माणसाला गोरा करून. छापताना उजेड कमी पाडायचा, गालांवर ब्रशने पांढरं फिरवायचं, अंगात कोट रंगवायचा, की झाला साहेब. तेही कुणाला न विचारता. ज्याला जिवंतपणी रंगावरून हिणवलं, त्याला मेल्यावरही स्वतःचा रंग ठेवू द्यायचा नाही, ही कुठली रीत?

मी कॉलेजात असताना एकदा दुकानात बसलो होतो, तेव्हा कौसल्याबाई आली. तिचा नवरा मिलमध्ये कामाला होता. मुलगी पोटात असताना गेला. त्या मुलीचं, मायाचं, आता लग्न ठरलं होतं आणि तिने बापाचा चेहरा कधीच पाहिला नव्हता. घरात होता तो कामगारांचा एकत्र फोटो, त्यात बाप नखाएवढा, आणि नेमका त्याच्या तोंडावर ओलीचा पिवळा डाग. एका दुकानाने त्यावरून मोठा फोटो करून दिला होता. कौसल्याबाईने तो टेबलावर ठेवला.

"विमलबाई, हा कोण माणूस हाय मले माहीत नाही. माह्या घरचा तं नाही."

सोबत मायाचा मामा होता. तो म्हणाला, "थोडा गोरा दिसला तं काय बिघडते? लग्नात पाव्हणे पाह्यतीन."

"गोराच पाहिजे असन तं पोरीले दुसरा बाप पाहा गा," आत्या म्हणाली.

मामा बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. कौसल्याबाई पदर तोंडाला लावून हसली.

आत्याने जुना फोटो फळीवर ताणून बसवला, दोन्ही बाजूंनी दिवे लावले, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पिवळी काच धरली. पिवळ्या काचेतून पिवळा डाग विरून जातो. डागाखालून कपाळ आलं, डोळे आले. अडलं ते छापताना. एका जातीच्या कागदावर चेहरा डांबरासारखा भरून गेला, दुसऱ्यावर राखेसारखा उतरला. मी तेव्हा मोर्चांत फलक घेऊन फिरायचो; मला डांबरी आवडला.

"आत्या, हाच ठसठशीत हाय."

"तुह्या मोर्चासाठी नाही करून राहिली मी. पोरीसाठी करून राहिली."

मग तिने कौसल्याबाईला रंग विचारला. "सावळा." सावळा म्हणजे केवढा? इतक्या वर्षांत तो रंग कौसल्याबाईच्याही डोळ्यांपुढून पुसला गेला होता. "पोरगी रंगानं बापावर गेली म्हणते सारे," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "पोरीले घेऊन ये वं. रक्ताचं माणूस पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई मायाला घेऊन आली; मामा बाहेरच थांबला. आत्याने तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, अर्धवट बाप दिसू नये म्हणून डोळे मिटायला लावले आणि छापलेला चेहरा तिच्या गालाशेजारी धरला. "डोळे बारीक करून पाह्य," मला म्हणाली, "रंग जाते, उजेड तेवढा राह्यते." मग अंधाऱ्या खोलीत जायची, छापताना चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा हलवत उजेड अडवायची, वाळवून परत आणायची, गालाशी धरायची. कधी जास्त काळा, कधी फिका. मामा कधी आत येऊन उभा राहिला कळलंच नाही. एका फोटोपाशी आत्याचा हात थांबला, आणि बोलला तो मामाच, "हे तं भाऊजी होत..."

मायाने डोळे उघडून फोटो पाहिला. मग कानाला हात लावून म्हणाली, "आई, हे कान मले आजवर तुह्याकडचे वाटे."

लग्नाच्या मंडपात तो फोटो होता. सावळा, कामगाराच्या सदऱ्यातला. एकही पाव्हणा उठून गेला नाही. उलट मामाच प्रत्येकाला हाताला धरून फोटोपुढे नेत होता. आत्याचा मला अभिमान आहे, आणि तो सौम्य करून सांगायची माझी तयारी नाही.

आता दुकान तिची मुलगी सुनंदा चालवते. परवा मी तिथे असताना भिवापूरहून एक जण आईचा जुना फोटो मोठा करायला घेऊन आला. स्वतः वडिलांवर गेलेला. सुनंदा म्हणाली, "आईवर कोण गेलं हाय?"

"बहीण. काहून?"

"तिले घेऊन या."

"इतक्या दुरून? बाकी दुकानांत तं माणूस लागत नाही!"

"म्हणून तं त्यांच्या फोटोत माणूस निघत नाही, भाऊ."

तो तणतणत गेला. दोन दिवसांनी बहिणीला घेऊन एस.टी.ने आला.