दुसरी किल्ली

आकारामभाऊ,
तुमची किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला अजून लटकते आहे. रोज विचारायचात, ते का बंद केलंत? उत्तर चिठ्ठीनं देऊ नका, चहाला या.
– संयोगिता

कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या संयोगिताबाईंनी उचगावातल्या आपल्या शेजाऱ्याला, आकाराम कांबळ्यांना, धाडलेली ही चिठ्ठी.

आकाराम शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करणारे मोल्डर होते. उभा जन्म काळ्या वाळूत गेला, पण त्यांच्या एम-एटी गाडीवर धूळ कुणी पाहिली नाही. बायकोसुद्धा चपला झटकूनच मागे बसायची. एका पौर्णिमेला विहारात भंते म्हणाले, "ज्याला सगळ्यात जास्त 'माझं' म्हणता, तेच एकदा देऊन बघा." त्या दिवशी आकारामांनी गाडी दोनदा पुसली. पण पुढच्या पौर्णिमेला त्यांनी गाडीला हार घातला आणि विहाराला देऊन टाकली.

दिली खरी, पण रोज सकाळी फडकं घेऊन हजर. विहाराचं सगळं बघणाऱ्या बनाबाईंनी सतरंज्या आणायला गाडी काढली की हे पुढ्यात उभे. "किक हळू मारा. रंग खरवडंल."

"आकारामदादा," बनाबाई म्हणाल्या, "गाडी विहाराला दिलीसा, का विहार गाडीला?"

भंतेसुद्धा हसले. आकारामांच्या ते जिव्हारी लागलं. घरी येताना खिशात हात घातला तर गाडीची दुसरी किल्ली. विसरली नव्हती, ठेवली होती.

तडक संयोगिताबाईंकडे गेले. "एवढी विहारात पोचवा. मी गेलो की हात फडक्याकडं जातोय."

"अडकवा खिळ्याला. उद्या जाते."

उद्या बाईंचा गुडघा दुखला, परवा गॅसवाला यायचा होता. रोज संध्याकाळी कुंपणावरून एकच, "दिली काय बाई?"

"तुमच्यापेक्षा माझे प्राचार्य बरे होते," बाई करवादल्या.

विहारातला पावसाळ्याचा वर्षावास संपत आला. फाटकाशी दोघांचं खर्ड्याच्या मिरच्यांवरून वाजलेलं, तेवढ्यात एम-एटी आली. चिखलानं माखलेली, मडगार्ड चेपलेलं, वर बनाबाई, मागे सतरंज्यांचा ढीग.

"बाजूला व्हा बाई, गाडी येतीया," आकाराम म्हणाले.

"कुणाची हो?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"कुणाची का असंना, पायावरनं जाईल की." आणि ते परत मिरच्यांवर आले.

त्या संध्याकाळी त्यांनी किल्लीचं विचारलं नाही. दुसऱ्याही नाही. म्हणून तर चिठ्ठी.

आकाराम आले. टोपी काढून त्याच खिळ्याला अडकवली, दोन कप चहा प्याले, बाईंच्या हातची साखर कमी पडते म्हणाले, आणि टोपी घेऊन गेले. किल्ली खिळ्यालाच.