आळेफाट्यावरचा प्रोसेसर

अवसरी खुर्दच्या आरतीला कॉलेजात सगळे आरतीताई म्हणत, आणि कागदोपत्री ती प्रयोगशाळा परिचर होती. म्हणजे सकाळी लॅबचं कुलूप उघडायचं, कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची, मुलं गेली की पंखे बंद करायचे. हे तिनं अकरा वर्षं केलं. या अकरा वर्षांत बंद पडलेलं नेटवर्क कुणी जोडलं, रुसून बसलेला सर्व्हर कुणी ताळ्यावर आणला, हे कॉलेजातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणीही ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं. बाईमाणूस फुकटात काम करतंय म्हटल्यावर कोण कशाला लिहील?

२००९ची दिवाळी झाली आणि कॉलेजात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची जागा निघाली. प्राचार्यांनी आरतीला बोलावून सरळ सांगितलं, डिसेंबरअखेर लिनक्सची परीक्षा पास होऊन कागद आणा, जागा तुमची. नाहीतर आम्ही पुण्याच्या पेपरात जाहिरात देणार. परीक्षा पुण्याला, एकोणीस डिसेंबरला. पाठांतराचं तिथं काही काम नव्हतं. मोडून ठेवलेली यंत्रं समोर देणार, आणि वेळ संपायच्या आत ती चालू करून दाखवायची.

हा सराव करायला एकमेकांना जोडलेली तीन-चार यंत्रं लागतात. लॅबमध्ये चाळीस होती. पण विभागप्रमुखांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "उद्या शिपाईही म्हणेल मला शिकायचंय, मग?" आणि पाच वाजता लॅबची किल्ली मागून घेतली.

मग आरतीनं घरीच मशीन बांधायचं ठरवलं. एकाच दणकट कॉम्प्युटरच्या पोटात तीन यंत्रं चालवायची, खोटी पण वागायला अगदी खऱ्यासारखी. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मधल्या सुट्टीत बसून तिनं यादी केली. चार जीबी रॅम, दोन-दोनच्या जोडीनं. रॅमच्या चार खाचा असलेला मदरबोर्ड, म्हणजे उद्या वाढवता येईल. अवसरीत दिवसाचं भारनियमन, म्हणून यूपीएस. आणि प्रोसेसर. खरी मेख तिथंच होती. तिला परवडणारा जो प्रोसेसर होता तो एकाच नावानं दोन जातींचा यायचा. एकात ही पोटातली यंत्रं चालवायची सोय, दुसऱ्यात नाही. खोकं तेच, रंग तोच. फरक फक्त लेबलवरच्या पाच अक्षरांच्या बारीक कोडात. तिनं तो कोड यादीत लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

घ्यायचा कुठून हा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचे सख्खे मामा, हौशीराम, आळ्याचे. आळेफाट्यावर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. घरचं दुकान असताना पुण्याला जाऊन बाहेरच्याच्या हातात पैसे देणं म्हणजे मामाच्या तोंडावर थुंकणंच. त्यात सहा डिसेंबरला नणंदेचं लग्न, आणि मुलीचा मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. यादी नवऱ्याच्या हातीच मामांकडं गेली.

रविवारी आरती आणि तिचा नवरा सुदर्शन, दोघं टेम्पो घेऊन गेले. मामांनी सगळा माल आधीच काढून ठेवला होता. खोक्यांवर हळदीकुंकू वाहिलेलं, वर नारळ. मामी वरून खाली आल्या, त्यांनी आरतीची ओटी भरली. चहा झाला. आरतीचे डोळे मधल्या त्या लहान खोक्यावर खिळलेले. उचलून लेबल वाचायला किती वेळ लागतो? पण मामासासऱ्यांनी कुंकू लावून दिलेली वस्तू त्यांच्यासमोर उलटीपालटी करून बघायची, म्हणजे तुमच्यावर माझा भरवसा नाही असं दुकानभर सांगायचं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाया पडली आणि टेम्पोत बसली. इतकी हुशार बाई, पण तिथं भिडेला बळी पडली. आपल्याकडं भल्याभल्यांचं असंच होतं.

घरी आल्यावर उजेड होता तोवर तिनं खोकं खिडकीशी नेलं. पहिली तीन अक्षरं जुळली. पुढची दोन जुळली नाहीत. तिनं कोड उतरवून ठेवलेली वही आणली, पुन्हा जुळवून पाहिलं. मग तशीच खाली बसली. परीक्षेला सव्वीस दिवस राहिले होते.

"आत्या, चुकीचा आलाय," तिनं सासूला सांगितलं.

सारजाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझा भाऊ चुकीचा माल देत नाय."

"मुद्दाम नसंल दिला. पण हा चालणार नाही. बदलून आणावा लागंल."

"लगीन पंधरा दिवसांवर आलंय आन तू त्याला कुंकू लावलेलं माघारी नेऊन देणार? रुसला आन आला नाय तर पोरीच्या मागं उभं कोण ऱ्हाईल? तू?"

आरतीनं नवऱ्याकडं पाहिलं. सुदर्शन भाजीचा टेम्पो मंचरच्या मार्केटला नेई, शेती बघे, आणि घरात वाद झाला की टेम्पोचं चाक बघायला बाहेर जाई. आजही तो उठलाच होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "त्याच्यावर जेवढं व्हतंय तेवढं कर. नाय झालं तर पुढल्या वर्षी बघू." पुढल्या वर्षी जागा राहणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

सोमवारचा दिवस तिनं कॉलेजात कसाबसा काढला. खोक्याचं सील तिनं तोडलं नव्हतं. मंगळवारी अर्धी रजा टाकली, खोकं पिशवीत घातलं आणि घरात न सांगता आळेफाट्याची एसटी धरली. नारायणगाव जाईपर्यंत तिनं मनात तीन वेळा वाक्य जुळवलं, तीन वेळा मोडलं. मामा ओरडले तर? आत्यांना फोन केला तर? लग्न मोडीत निघालं तर जन्मभर तिच्या नावानं खडे फोडतील. नारायणगावला उतरून माघारी फिरावं असंही एकदा वाटलं, पण गाडी सुटली आणि ती बसून राहिली.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मामांनी तिला एकटीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आरतीला वाटलं, संपलं.

"मामा," ती म्हणाली. "यादीत कोड लिहिला होता. हा तो नाही. याच्यावर माझं काम होणार नाही. बदलून द्या."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कामावरचा माणूस हसून म्हणाला, "वैनी, नाव येकच हाये की. त्यात काय फरक नसतो."

"असतो. खालची दोन अक्षरं बघा."

मामांनी खोकं हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि लेबल न वाचताच ते टेबलावर ठेवलं. "आत ये," ते म्हणाले.

मागच्या खोलीत मॉनिटरची रिकामी खोकी रचलेली होती. मामा उभेच राहिले. "तू चारचौघांत बोललीस त्ये मला आवडलं नाय. पन खोटं मी पचवू शकत नाय. तुझा प्रोसेसर माझ्याकडं पयल्यापासून हाये."

आरतीला कळेना.

"शनवारी सुदर्शनचा फोन आला व्हता. म्हनला, मामा, त्या आकड्यांच्या नादी लागू नका, साधा द्या. चालला नाय की आपसूक गप बसंल. मला वाटलं नवरा-बायकोचं ठरलेलं आसंल. काल पुन्यांदा फोन, ती आलीच तर समजूत घालून माघारी लावा म्हून." त्यांनी मांडणीवरून दुसरं खोकं काढलं आणि तिच्या पुढं धरलं. "घे. हितंच वाचून बघ. माझ्यासमोर वाच."

तिनं वाचलं. पाचही अक्षरं जुळत होती. अक्षरं मधेच अंधूक झाली, म्हणून पुन्हा वाचावी लागली.

परीक्षेचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील. आरती पास झाली. पहाटे चार ते सात वीज असायची, तेवढ्यात रोज तीन यंत्रं बंद पाडायची आणि उभी करायची, असं करून पास झाली. जागाही तिलाच मिळाली. मामा लग्नाला आले, आणि भाचीच्या पाठीमागं छाती काढून उभे राहिले. पण मला सांगायचं आहे ते त्या मंगळवारच्या संध्याकाळचं.

ताटं वाढली होती. आरतीनं खोकं बदलून आणल्याचं सांगितलं आणि सुदर्शनचा घास हातातच राहिला. "मामा काय म्हनले?"

"म्हणाले, पहिल्यापासून त्यांच्याकडं होता. शनिवारी फोन आला म्हणून दिला नाही."

"कुनाचा फोन?" सारजाबाईंनी विचारलं.

आरतीनं नवऱ्याच्या ताटात आमटी वाढली. सारजाबाईंनी आधी सुनेकडं बघितलं, मग लेकाकडं, आणि त्यांना उमगलं.

"माझ्या भावाच्या हातनं खोटं काम करून घेतलंस?" त्या म्हणाल्या. सुनेचं काय झालं याचं त्यांना फारसं काही नव्हतंच. भावाच्या दुकानाला बट्टा लागला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण राग तो राग, आणि तो बरोबर माणसावर निघत होता. "उद्यापासनं पहाटंच्या धारा तू काढायच्या. हिची परीक्षा हुईस्तवर गोठ्यात ही पाय ठेवनार नाय."

सुदर्शननं मान खाली घातली. तो भाकरीचा तुकडा नुसता आमटीत फिरवत राहिला.

"का केलंत?" आरतीनं विचारलं. "मला नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं."

"कॉलेजातल्या जागेचं मला काय नव्हतं," तो ताटाकडं बघत म्हणाला. "पन तसला कागद हातात आला की मानसं हिंजवडीच्या कंपन्यांत जात्यात. आपल्या गावची दोन पोरं गेली, माघारी नाय आली. मला वाटलं, तू बी जाशील."

हिंजवडीचा विचार त्या दिवसापर्यंत आरतीच्या मनात एकदाही आला नव्हता.