मुक्या सोमवारचा फोन

बाबा आसेगावहून निघाले त्या दिवशी त्यांनी स्वतः दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. गल्लीतल्या बायका ओट्यावर उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "गजूनं बापाले सोबत नेलं, नशीब लागते." ते ऐकून मला बरं वाटलं. आमच्याकडचं मालेगाव मागे पडलं तरी मी ऑफिसच्या फोनवरच होतो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. पुण्यापर्यंत ते जेमतेम दोन-चार शब्द बोलले. थकले असतील, असं मी धरून चाललो. मी बरंच काही असंच धरून चालतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी जे केलं ते मला तीन महिन्यांपूर्वी कळलं, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरी श्रावणात मुका सोमवार धरायची रीत आहे. बाबा दिवसभर उपाशी राहायचे आणि दिवे लागल्यापासून जेवण होऊन चूळ भरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचे नाहीत. मुक्या माणसाला काही मागता येत नाही. त्यामुळे वाढणाऱ्याने ताटावर नजर ठेवायची. लहानपणी आई मला वाढायला बसवायची आणि दटावायची, "त्याइच्या तोंडाकडं काय पाह्यतं? ताट पाह्य ना!" मीठ हवं की कढी, हे तिला लांबूनच कळायचं. मला नाही कळायचं. बाबा त्या शांततेत देवाचं काहीतरी ऐकत असतील, असं मला तेव्हा वाटे.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहिले. पाचेक महिन्यांनी एका संध्याकाळी मी ऑफिसच्या पार्किंगमधून त्यांना फोन केला. पुढची मीटिंग दहा मिनिटांवर होती. म्हणालो, "बाबा, आता तिकडं एकटं राहू नका. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला देऊ. शनिवारी मी गाडी घेऊन येतो. चालेल ना?" पलीकडून काहीच आलं नाही. "चालेल ना?" मी परत विचारलं. फोन चालू होता, मागे कुणाच्या तरी घरची झांज वाजत होती. मी "बरं, मग ठरलं" म्हणालो आणि ठेवून दिला.

पुढे एवढंच झालं, की मी खरंच शनिवारी गेलो.

यंदा गावातले वसीमभाई मुलीच्या ॲडमिशनसाठी पुण्यात आले होते. किराणा दुकान त्यांचं, आमच्या घराला लागूनच. जेवायला बसल्यावर ते हसत हसत म्हणाले, "गजूभाऊ, काकाले पुण्याले नेन्याचा तुमचा फोन आला ना, तव्हा मी तिथंच होतो. शेंगदाने द्याले गेलो होतो. सोमवार होता श्रावनातला. काका तं मुके! तरी फोन उचलला. म्हने पोराचा फोन हाय, कसा सोडू... म्हने म्हंजे, म्हनले नाई, तोंडावरून दिसलं. अन् मंग फोनले मान हालवून नाई नाई करून राह्यले. हातानं बी. म्या म्हनलं, काका, त्याले दिसते का?"

बाबा शेजारीच बसले होते. तेही हसले.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलं?" वसीमभाई गेल्यावर मी विचारलं.

"तू ठरलं म्हनला," बाबा म्हणाले. "ठरल्यावर कायले सांगाचं?"

तेव्हा दर रविवारी सकाळी मी एका ध्यानवर्गाला जात होतो. धावपळीच्या आयुष्यात थोडं स्थिर बसलं की आतून देव बोलतो, असं तिथं शिकवतात. फोन सायलेंटवर टाकून आम्ही चाळीस माणसं डोळे मिटून बसायचो. माझ्या कानात सोमवारची प्रेझेंटेशनं चालायची. वसीमभाई येऊन गेल्यापासून मात्र एकच दिसायला लागलं: म्हातारा माणूस, कानाला फोन, आणि नाही नाही करणारी मान. हा देवाचा आवाज म्हणायचा की माझं मन मला खातंय? वर्ग घेणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ द्या, जाऊ द्या. मला ते जाऊ द्यायचंय की नाही, तेच समजेना.

पुण्यात आल्यापासून बाबांनी मुका सोमवार सोडला होता. कारण मी कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारलं.

"इथं कोन पाह्यते ताट?"

"मी पाहतो."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी सुट्टी घेतली, स्वतः कढी केली, वाढायला बसलो. खिशात फोन थरथरला. दोनच मिनिटं बघितला असेल. मान वर केली तर बाबांनी शेवटची पोळी कोरडीच खाल्ली होती. वाटी कधीची रिकामी होती. मुके होते, मागणार कसे?

दुसऱ्या सोमवारी फोन बंद करून कपाटात ठेवला. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग बाबांच्या डाव्या हातानं वाटी बोटभर पुढे सरकवली. त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी कढी वाढली.

चूळ भरून झाल्यावर मी विचारलं, "बाबा, तीन वर्षांपूर्वीचंच परत विचारतो. इथं राहायचं की आसेगावला जायचं?"

त्यांनी बोटं पुसली. "तव्हा मी नाई म्हनलो होतो. आता मले बी समजून नाई राह्यलं. तिकडं घर हाये, वाढाले कोनी नाई. इकडं तू हायेस, पन कोरडी पोळी खाऊ घालतं."

"देव काही सांगतो का तुम्हाला? गप्प बसल्यावर?"

"मले? कवाच नाई," ते म्हणाले. "मी आपला गप बसो. ताट पाहे ते तुही माय." मग म्हणाले, "पुढचा सोमवार तिकडं धरू. मंग पाहू."

या शनिवारी आम्ही निघतोय. किल्ली मीच खिशात घेतली आहे. कुलूप एका सोमवारासाठी उघडतोय की कायमचं, ते मला माहीत नाही. घर म्हणजे आसेगाव की पुणे, असं कोणी विचारलं तर आज मला उत्तर देता येणार नाही. देवाचा आवाजही मी अजून ऐकलेला नाही. बोटभर सरकलेली एक वाटी तेवढी पाहिली आहे.

ताक वसीमभाईंना आणून ठेवायला सांगितलंय. कढी मीच करणार, आणि वाढणारही मीच.