ज्या बोटीवर त्या चढल्या नाहीत

मंदीचा तो हिवाळा आमच्या घरात टायटॅनिकचा होता. मुलगी चौथीत होती आणि तिला रेफेराट द्यायचं होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून एका विषयाची माहिती सांगायची. तिनं टायटॅनिक निवडली. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची बोट वाळत पडलेली असायची आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. लाइफबोटी किती कमी होत्या, पाणी किती गार होतं, हे ती मला वरणभात कालवता कालवता जर्मनमधून सांगायची. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आमचं तसंच चालतं.

आम्ही तेव्हा जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये होतो. नवरा मोटारींच्या कारखान्यात काम करायचा, पण कारखान्याचा नोकर नव्हता. इंजिनियर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं त्याला तिथं पाठवलेलं होतं. त्याच कंपनीचा आणखी एक मराठी इंजिनियर त्याच्याच विभागात होता आणि त्याचं बिऱ्हाड आमच्या समोरच्या इमारतीत. त्याची बायको माझी मैत्रीण. जर्मनीत आल्यावर पत्ता नोंदवायला, अनमेल्डुंगला, आम्ही दोघी एकत्रच गेलो होतो. दोघींना मिळून जेमतेम दहा जर्मन शब्द येत होते आणि खिडकीपलीकडची बाई आमच्यावर वैतागली, तेव्हा बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो होतो. त्यानंतर तिच्याशिवाय माझं पान हललं नाही.

जानेवारीत एके दिवशी नवरा लवकर घरी आला. बूट न काढताच म्हणाला, "आपलं राहिलं."

दोघांपैकी एकाचंच काँट्रॅक्ट वाढणार, हे आम्हाला कळलेलं होतं.

"आणि त्यांचं?"

त्यानं मान हलवली. "मार्चअखेर संपतंय. दुसरीकडे कुठं मिळेल असं वाटत नाही, सगळीकडेच भरती बंद आहे. आणि नोकरी नाही तर व्हिसाही नाही."

मी "अरेरे" म्हणाले. मग स्वयंपाकघरात गेले आणि कढईत तूप घालून रवा भाजायला घेतला. दूध ओतताना माझ्या लक्षात आलं, की मी शिरा करतेय. कुणी सांगितलं नव्हतं, सणवारही नव्हता. माझ्या हातांना आनंद झाला होता. वास समोर जाऊ नये म्हणून मी खिडकी लावायला गेले, तर ती बंदच होती.

शिरा आम्ही खाल्ला. टाकून कसा देणार?

त्या दिवसापासून मी मैत्रिणीला टाळायला लागले. दोनदा फोन केला, पण नुसतं "काही लागलं तर सांग" एवढंच बोलले. ती कचरा टाकायला खाली उतरलेली दिसली, की मी जिन्यातच थांबायचे. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मी कामावर असले की शाळेतून आल्यावर मुलगी त्यांच्याकडेच असायची, त्यांना ओमाच, म्हणजे आजीच, म्हणायची. त्यांनी एकदा मला जिन्यात तशी उभी असलेली पाहिलं.

"तुमची मैत्रीण हल्ली येत नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांची परत जायची तयारी चाललीय. गडबडीत असते."

"आखज़ो, असं होय," त्या म्हणाल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

रेफेराटच्या आदल्या रविवारी दुपारी मुलीनं आजींना तालमीला बोलावलं. त्या स्वतः केलेला सफरचंदाचा केक घेऊन आल्या आणि सोफ्यावर ताठ बसल्या. मुलीनं हिमनगापासून शेवटपर्यंत सगळं धडाधड सांगितलं. आजींनी टाळ्या वाजवल्या.

"ओमा, तू बसलीयस कधी एवढ्या मोठ्या बोटीत?"

"नाही. बसणार होते."

मग त्यांनी ते सांगितलं. मला वाटतं, सांगायचं असं ठरवून त्या आल्या नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा हिवाळा होता. पूर्व प्रशियातलं त्यांचं गाव सोडून त्या, त्यांची आई आणि धाकटा भाऊ बर्फातून जर्मनीनं पोलंडकडून बळकावलेल्या, बाल्टिक समुद्रावरच्या एका बंदरात पोचले होते. मागून रशियन फौजा येत होत्या. राहायला एक रिकामं घर मिळालं. त्या घरातल्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि शेजारी पोलिश नावं. ज्यांची ती नावं, त्यांना तिथून कुणी हाकललं होतं, हे त्यांना मोठेपणी कळलं. "आम्ही," त्या म्हणाल्या. "आम्ही जर्मनांनीच हाकललं होतं."

बंदरात एक प्रचंड बोट उभी होती. युद्धाआधी ती लोकांना सहलीला न्यायची. नाझी पक्षाच्या एका पुढाऱ्याचं नाव तिला दिलेलं होतं. ते नाव आजींनी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. आता तिच्यावर निर्वासित बायकामुलं, जखमी आणि नौदलाची माणसं भरत होते. त्यांच्या आईनं कुठं कुठं विनवण्या करून तिघांचे पास मिळवले. धक्क्यावर एका खलाशानं विचारलं, पोरांना काही आजार नाही ना?

"आई नाही म्हणाली. मी म्हणाले, भावाच्या पोटावर पुरळ आलंय."

"का?" मुलीनं विचारलं.

"होतं म्हणून. आणि मला त्या बोटीची भीती वाटत होती."

खलाशानं भावाचा सदरा वर केला आणि तिघांना बाजूला काढलं. आईनं सगळ्यांसमोर आजींच्या थोबाडीत मारली. त्यांच्या मागं त्यांच्याच गावची एक बाई तीन मुलांना घेऊन उभी होती. तिच्याकडे पास नव्हते. त्यांची जागा तिला मिळाली. तिची थोरली मुलगी आजींच्या वर्गातली, एका बाकावर बसणारी. शिडी चढताना तिनं वळून पाहिलं आणि जीभ काढून दाखवली.

बोट त्याच रात्री पाणबुडीच्या माऱ्यानं बुडाली. हजारो माणसं गेली. टायटॅनिकपेक्षा कितीतरी जास्त. त्या चौघांपैकी कुणी परत आलं नाही. आजी, त्यांची आई आणि भाऊ काही दिवसांनी एका मालवाहू बोटीनं पश्चिमेला आले.

मुलगी पुठ्ठ्याच्या बोटीवरून हात फिरवत होती. "पण ओमा, तू खरं बोललीस. आणि तू लहान होतीस. तुझी चूक नाही."

"नाही, चूक नाही," आजी म्हणाल्या. "पण बातमी आली ना, तेव्हा मला आनंद झाला. आई तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. मला वाटलं, आता ती रागावणार नाही. मी पळत जाऊन तिला मिठी मारली. आणि हसले. पलीकडे माणसं रडत होती."

मुलगी केकचा तुकडा घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी कॉफीचे कप उचलले, पुन्हा खाली ठेवले आणि आजींना शिऱ्याचं सांगितलं. शिऱ्याला जर्मन शब्द सापडेना, म्हणून म्हणाले, आमच्याकडे चांगली बातमी आली की करतात ते गोड. काँट्रॅक्टचं सांगितलं, जिन्यातल्या थांबण्याचंही सांगितलं. तुमच्या गोष्टीपुढे हे काहीच नाही, असंही म्हटलं.

आजींनी माझी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "ती समोरच राहते ना अजून?"

"हो."

"आल्झो, मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि आपला केकचा डबा घेऊन खाली गेल्या.

मी चप्पल घालून तशीच समोर गेले. मैत्रीण खोक्यांमध्ये बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला पाहून तिनं नुसता एक कागद पुढं सरकवला. मीही वाट्या गुंडाळायला लागले. वाट्या संपल्यावर म्हणाले, "तुमचं कळलं त्या दिवशी मी शिरा केला होता. आमचं राहिलं म्हणून."

"मला वाटलंच, काहीतरी आहे. तू यायची बंद झालीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

"हो."

"आता मला ते लक्षात राहणार." ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. तिनं खोकं मिटलं आणि चिकटपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर हे. सरळ धर."

त्यानंतर ती जाईपर्यंत मी रोज तिच्याकडे गेले. आम्ही पडदे काढले, भिंतींवरची भोकं बुजवली, घरमालकाला हवा तसा ओव्हन घासून दिला. पूर्वीसारखं हसलो मात्र नाही. मुलीनं टायटॅनिकचं रेफेराट चांगलं दिलं. शेवटी तिनं स्वतःच एक वाक्य वाढवलं होतं, की अशा आणखीही बोटी बुडाल्या आहेत आणि त्यातली माणसं आपल्याला माहीत नाहीत.

मैत्रिणीच्या नवऱ्याला काही महिन्यांनी चाकणला नोकरी लागली. तिचा फोन दिवाळीला येतो. आम्ही मुलांच्या शाळांचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. इथलं काही ती विचारत नाही आणि मी आपणहून सांगत नाही.